कपाशीतला तपकिरी पाहुणा

श्रोतेहो, कपाशीच्या शेतात दिवसभर फिरलात तरी हा पतंग सहसा नजरेस पडत नाही. गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा, राखाडी-तपकिरी, पंखांवर काळसर डाग आणि कडेला झालर. दिवसा पालापाचोळ्यात, मातीच्या भेगांत लपतो, रात्री उडतो. आपल्या ओळखीची आहे ती त्याची अळी. हीच ती गुलाबी बोंडअळी!

१८४०च्या दशकात भडोचकडच्या नमुन्यांवरून या पतंगाचे शास्त्रीय वर्णन झाले. पुढे सरकीत दडून तो इजिप्तला गेला, तिथून मेक्सिकोला आणि १९१७ मध्ये टेक्सासात पोहोचला. समुद्र ओलांडायला त्याला माणसाच्याच मालाची मदत झाली.

आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कपाशी आली आणि बोंडअळीची भीती सरली असे वाटले. पण अळी ते विष पचवू लागली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात वेचणीला किडकी बोंडे हाती आली. अमेरिकेने मात्र बीटी वाण, वांझ पतंग आणि शेताची सफाई यांची सांगड घालून २०१८ मध्ये कपाशीच्या पट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

यातली सफाई आपल्या हातची आहे. चुलीला जळण हवे म्हणून पऱ्हाट्या बांधावर रचल्या जातात. त्यांच्या किडक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत झोपून राहते. तेव्हा फरदडीचा मोह टाळा, पऱ्हाट्यांची वेळीच विल्हेवाट लावा. पीक उभे असताना कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले, तर फवारणीचा सल्ला लगेच घ्या. एकदा अळी बोंडात शिरली, की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.