फिरते, पण पेट घेत नाही

वारासिवनी हे बालाघाट जिल्ह्यातील धानाचे आणि हातमागाचे गाव. कार्तिक-मार्गशीर्षात धान खळ्यावर येते आणि तेथून ते मंडीत वा राईस मिलमध्ये पोचविण्याचे काम आता बैलगाडीपेक्षा पिकअप गाडीकडेच अधिक आले आहे. यांतील पुष्कळ गाड्या जुन्या, डिझेलवर चालणाऱ्या आणि दोन-तीन मालकांचे हात पाहिलेल्या असतात. अशी गाडी थंडीच्या पहाटे माल भरून उभी असावी, किल्ली देताच सेल्फ फिरावा आणि इंजिनाने मात्र दाद देऊ नये, हा प्रसंग गाडीवाल्यास नवा नाही. त्या दिवसाचे भाडे तर बुडतेच. परंतु मोठे नुकसान होते ते त्यापुढे. गोंधळलेला मालक आधी बॅटरी बदलतो, मग नोझल बदलतो, अखेर पंप उतरवितो आणि दोष निघतो तो एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत! भाग बदलण्यापूर्वी कारण शोधावे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

कारण शोधावयाचे तर इंजिन पेटते कसे, हे ठाऊक हवे. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात ठिणगी नाही. हवा मूळ आकारमानाच्या सतराव्या ते बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली, की तिचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे जाते आणि तीत उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिनास तीनच गोष्टी लागतात : पुरेशी हवा, वेळेवर पोचणारे डिझेल आणि दाबातून निर्माण होणारी उष्णता. इंजिन फिरते पण सुरू होत नाही, याचा अर्थ या तिहींपैकी एक उणी आहे. कोणती, एवढाच प्रश्न.

सेल्फ फिरतो, म्हणून बॅटरी निर्दोष आहे, असे समजण्याचे कारण नाही. इंजिन मंद फिरले, तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पोचूनही पेटत नाही. सेल्फ फिरत असताना बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर आधी बॅटरीची टोके घासून साफ करावीत आणि इंजिनास जोडलेली अर्थिंगची तार घट्ट करावी. पुष्कळदा रोग तेवढ्यावरच आटोपतो.

सेल्फ जोमाने फिरत असेल, तर एका माणसाने किल्ली द्यावी आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहावे. या परीक्षेस पैसा लागत नाही. धूर मुळीच नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते, परंतु पेटत नाही. काळा धूर येत असेल, तर हवा अपुरी पडते. एअर फिल्टर काढून पाहावा, तो धानाच्या धुळीने आणि भुशाने भरलेला सापडण्याचा संभव फार.

धूर नसल्यास टाकीपासून पंपाकडे क्रमाक्रमाने यावे. टाकीत डिझेल आहे काय, हे काट्यावर विसंबून न राहता स्वतः पाहावे. मग इंजिन बंद करण्याची व्यवस्था तपासावी. काही गाड्यांत ती तारेची असते. ती ओढलेल्या स्थितीतच अडकली, तर पंप डिझेल देणारच कसा? काहींत विजेचा सोलेनॉइड असतो. किल्ली उघडताच पंपापाशी ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो न आल्यास पंपाला हात लावण्यापूर्वी फ्यूज आणि तार पाहावी. त्यानंतर फिल्टरच्या तळातील डिझेल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवावे. पाणी असेल तर ते खाली बसते. शेवटी हवा. गाडी रात्रभर चढावर उभी राहिली आणि नळीस बारीकशी चीर असली, तर डिझेल टाकीकडे परतते आणि नळीत हवा शिरते. हातपंप मारीत फिल्टरवरील स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबून अखंड धार आली की आवळावा. मात्र हवा पुन्हापुन्हा शिरत असेल, तर ती काढीत बसण्यापेक्षा चीर शोधणेच शहाणपणाचे.

पांढरा धूर असल्यास वाट निराळी. ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात, त्यांत ते तापतात की नाही, हे पाहावे. एखादा प्लग निकामी झाला, तर इंजिन अडखळत का होईना सुरू होते. सगळेच थंड असतील, तर बहुधा रिले वा फ्यूज दोषी असतो. प्लग ठीक असूनही पांढरा धूर कायम राहिला, तर पंपाचे टायमिंग, नोझल आणि सिलिंडरमधील दाब यांची पाळी येते. हे काम मात्र उपकरणे बाळगणाऱ्या कुशल कारागिराचेच होय.

चार गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. नाही तर मूळ दोषात जळालेल्या सेल्फची भर पडते. हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये. तापलेल्या प्लगवर त्याचा अवेळी भडका उडून पिस्टन फुटू शकतो. थंडीत टाकीखाली वा इंजिनाखाली जाळ करण्याची रीत तर जिवावर बेतणारी आहे. आणि नोझलमधून उडणाऱ्या डिझेलपुढे बोट धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. तसे झाल्यास जखम लहान दिसली, तरी तत्काळ इस्पितळ गाठावे. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत हा दाब हजार बारच्याही पुढे असतो. म्हणून त्यांच्या नळ्या घरी सैल करूच नयेत.

एवढे पाहूनही गाडी सुरू झाली नाही, तर मिस्त्रीस अवश्य बोलवावे. परंतु ‘गाडी बंद पडली’ एवढेच न सांगता, सेल्फ कसा फिरतो, धूर कोणता येतो, फिल्टरमध्ये पाणी निघाले की नाही आणि आदल्या रात्री गाडी कोठे उभी होती, हे त्याला सांगावे. चांगल्या मिस्त्रीचा निम्मा वेळ या चार उत्तरांनी वाचतो. आणि मालकाने स्वतः पाहिले आहे, हे कळल्यावर निष्कारण पंप उतरविण्याची भाषाही सहसा कोणी करीत नाही. धानाच्या हंगामात मिळविलेले चार पैसे गाडीपायी गमावणे वा राखणे, हे पुष्कळदा या निरीक्षणावरच अवलंबून असते.