कठीण, पण न्यायी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



'मुले आणि मोबाइल' या विषयावर मी बोलावे अशी सूचना होती. या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते काय बोलतात हे आपणां सर्वांस पाठ आहे. म्हणून चिटणीससाहेबांच्या परवानगीने मी आज एकाच व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे, आणि तेही त्याच्या बाजूने. शिक्षकाने अशी वकिली करावी हे काही जणांस रुचणार नाही. आधी ऐकून घ्यावे, मग हवा तो निकाल द्यावा.

खेळाचे नाव 'डार्क सोल्स'. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तो २०११ साली काढला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. हे गृहस्थ शिझुओका येथील गरीब घरात वाढले. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून वाचनालयातून आणीत. त्यांतला जो मजकूर कळत नसे तो चित्रे पाहून कल्पनेने भरून काढीत. पुढे चांगली नोकरी सोडून, कमी पगार पत्करून, वयाच्या २९व्या वर्षी ते या धंद्यात आले. त्यांच्या खेळातही गोष्ट कोणी सरळ सांगत नाही. इकडे तिकडे तुकडे सापडतात, ते आपणच जोडायचे. पडके किल्ले, राक्षस, शापित सरदार, पंखांचे अजगर असे ते जग आहे. हातिमताईच्या किंवा अमीर हमजाच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्या, त्यांना हे तिलिस्म परके वाटणार नाही.

माझा भाचा डिप्लोमासाठी आमच्या घरी राहतो. रात्री त्याच्या खोलीतून वरचेवर "मेलो!" असा आवाज येई. एके दिवशी मी खेळ बंद करण्याचे फर्मान काढले. तो म्हणाला, "मामू, अर्धा तास तुम्ही खेळा. मग बंद कर म्हणालात तर करतो."

मी बसलो. अर्ध्या तासात अकरा वेळा मेलो.

सुरुवातीलाच एका दालनात प्रचंड राक्षस समोर उभा राहतो आणि आपल्या हाती असते तुटक्या तलवारीची मूठ. मी शौर्याने त्याच मुठीचे वार करीत राहिलो. भाचा काही बोलेना. चौथ्या खेपेस माझे लक्ष डावीकडे गेले. तेथे एक दार उघडे होते, पहिल्यापासून होते! पळून जायचे, पुढे ढाल-तलवार मिळवायची आणि वरच्या सज्जातून त्याच राक्षसाच्या डोक्यावर उडी घ्यायची, अशी ती युक्ती आहे. मी तीनदा मेलो तो माझ्या न पाहण्यामुळे.

येथून पुढे मी हा खेळ शिक्षकाच्या नजरेने पाहू लागलो. पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, ती म्हणजे आपला दम. वार करा, ढालीवर घाव झेला, कोलांटी मारा, धावा, सारा खर्च त्याच पट्टीतून. हावरेपणाने एक वार जास्त केला की बाजूला होण्यास दम उरत नाही. शत्रू वार करण्यापूर्वी शस्त्र उचलतो, आणि दर वेळी त्याच रीतीने उचलतो. तो कालच्याच जागी उभा असतो. शेकोटीपाशी विसावा घेतला की औषधाची कुपी भरते, पण मारलेले सामान्य शत्रू पुन्हा उभे राहतात. मेलात तर कमाई मेल्या जागी पडून राहते. जाऊन उचलता येते, मात्र वाटेत पुन्हा मेलात तर ती कायमची गेली. सोपी पातळी निवडण्याची सोय नाही. तरीही मेल्यावर 'का मेलो' हे बहुतेक वेळा ठाऊक असते.

बहुतेक वेळा म्हणतो, कारण 'बेड ऑफ केऑस' नावाच्या ठिकाणी पायाखालची जमीन एकाएकी खचते. तेथे काही मला न्याय दिसला नाही. असो.

पालकांच्या दोन शंका मला ठाऊक आहेत. पहिली वयाची. या खेळात रक्तपात आहे. युरोपात तो सोळा व अमेरिकेत सतरा वर्षांवरील मुलांसाठी ठरविलेला आहे. लहानांच्या हाती तो देऊ नये. दुसरी शंका पैशांची. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेने केला, ते वेगळे प्रकरण. हा खेळ एकदा विकत घेतला की हरलेल्याकडे पुन्हा पैसे मागत नाही. एक दोष मात्र आहे: लढाई मध्येच थांबविता येत नाही. मगरिबची अजान झाली आणि भाचा म्हणाला, "मामू, एवढा एक राक्षस." मी म्हणालो, "तो उद्याही तेथेच उभा असेल, तूच सांगतोस ना?" तो हसून उठला.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले ते सांगतो. मी नववीला इंग्रजी शिकवितो. माझा पेपर अवघड असतो अशी ख्याती होती आणि मला तिचा अभिमान होता. सहामाहीनंतर एक मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे अब्बा आले. म्हणाले, "सर, हिचं डोकं चालत नाही. शाळेतून काढावी म्हणतो." पुराव्यादाखल त्यांनी पेपर पुढे ठेवला. डायरेक्टचे इनडायरेक्ट करण्याची दहा वाक्ये, दहा लाल फुल्या, शून्य गुण. फुल्या माझ्या हातच्या.

मी वाक्ये पुन्हा वाचली. सर्वनामे बरोबर, शब्दांची रचना बरोबर. काळ तेवढा बदललेला नव्हता. दहाही ठिकाणी तीच एक चूक. मी दहा वेळा तिला मारले होते आणि एकदाही शस्त्र उचलून दाखविले नव्हते. त्या राक्षसाइतकाही न्याय माझ्या लाल पेनात नव्हता.

मी ते तिच्या अब्बांना तेथेच समजावले. त्यांनी विचारले, "मग तेवढं एकच चुकलं?" मी म्हणालो, "तेवढं एकच." ते बराच वेळ पेपराकडे पाहत बसले.

पेपर मी सोपा केलेला नाही. फुलीऐवजी चूक जेथे सुरू झाली तेथे रेघ ओढतो, आणि आठ दिवसांनी त्याच धर्तीची चाचणी पुन्हा घेतो. तपासण्यास दुप्पट वेळ लागतो, घरी बोलणी खातो. त्या मुलीला दुसऱ्या चाचणीत दहापैकी सात मिळाले. उरलेल्या तिन्हींत नवीनच चूक होती. तिचे दप्तर यंदा दहावीच्या वर्गात आहे.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठविली आहे. भाच्याची आणि माझी गाडी सध्या ऑर्नस्टीन व स्मो या जोडगोळीपाशी अडली आहे. सतरा वेळा मेलो आहोत. खुदा हाफिज.