चापाची पारख

(कोथरूड, पुणे येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल कोथरूडहून फार दूर नाही. नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्या मुलांचे पालक प्रथम विचारतात, ‘‘पिस्तूल कोणते चांगले?’’ याचे उत्तर किमतीत नाही. ते बोटाला विचारावे लागते.

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाचा भार किमान ५०० ग्रॅम, तर २५ मीटर पिस्तुलाचा १,००० ग्रॅम असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. परंतु समान भाराचे दोन चापही बोटाला सारखे लागत नाहीत. एकात आधी हलकी ओढ, मग स्पष्ट अडसर आणि तो ओलांडताच बार. दुसऱ्यात अडसर न जाणवता बोट सरकत जाते. दहा मीटरवरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते. चाप ओढताना मनगट किंचित हलले, तरी ते हुकते.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्याच्या वेगवान टप्प्यात प्रत्येक गोळीस तीनच सेकंद मिळतात. तेथे विचारास सवड नसते. बोटाची सवयच कामी येते.

म्हणून सामायिक पिस्तुलावर शिकणाऱ्या मुलाच्या हाती रोज निराळा चाप देणे म्हणजे त्याची सवय मोडणे होय. संस्थांनी प्रत्येक चापाची जुळणी नोंदवहीत लिहावी आणि मुलाला शक्यतो तेच पिस्तूल द्यावे. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली छर्ऱ्याविना केलेल्या सरावास खर्च पडत नाही. गरीब घरच्या मुलाला एवढी व्यवस्थाही मोठा आधार ठरेल.