कपाटाची किल्ली कुणाकडं?

(वस्तीतल्या समाजमंदिरात ग्रंथालय सुरू करण्यासाठी भरलेल्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



खोली मिळाली, कपाटं आली, पुस्तकं जमताहेत. आता भांडण आहे ते खोलीत करायचं काय याचं. आपली पोरं म्हणतात, अभ्यासिका करा. टेबलं मांडा, ट्यूबलायटी लावा, एमपीएससीवाल्यांना बसू द्या, महिन्याला फी घ्या. पोरांची गरज खोटी नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, टीव्ही, पाण्याची पिंपं. तिथं अभ्यास कसा होणार? पण सबंध खोली, सबंध दिवस त्यांनाच दिला तर काय होईल ते बघा. वीस पोरं घरनं आणलेली गाईडं वाचत बसतील. कपाटं बंद. एखादं बारकं पोर डोकावलं की "ए, बाहेर हो, गडबड नको!" म्हातारी आली तर तिला विचारणारं कुणी नाही. ज्या उंबरठ्यावरनं आपल्याला हाकललं तसलाच उंबरठा आपण आपल्या हातानं घालणार?

या राज्यात ग्रंथालय म्हणजे काय ते आधी समजून घ्या. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. ग्रंथालयं बहुतेक खाजगी संस्थांची, अनुदान सरकारचं, वर अ, ब, क, ड असे वर्ग. वर्ग आणि वर्ण यांची या देशात फार जुनी सोयरीक आहे, पण ते असो. मद्रासनं १९४८ च्या कायद्यातच घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला. आपल्या कायद्यात असा करच नाही. अनुदान तुटपुंजं, म्हणून मग वर्गणी, अनामत आणि कुठंकुठं अर्जावर ओळखीच्या माणसाची सही. ओळखीचा म्हणजे कोण? कार्यकारी मंडळ ज्याला ओळखतं तो. कचरा वेचणाऱ्या बाईला मंडळातलं कोण ओळखतं? आता जात विचारत नाहीत, अनामत विचारतात.

आणि यांचे कार्यक्रम! १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. हार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, आभार, चहा. कपाटाचं कुलूप दिवसभर तसंच. वर सुस्कारा, की लोक वाचत नाहीत हो! ज्याला असं वाटतं त्यानं ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात यावं. अनवाणी आलेली माणसं, कनवटीचे पैसे मोजून पुस्तकं घेऊन गावी जातात. ज्याला स्वतःला वाचता येत नाही तोही घेतो, नातवासाठी घेतो. हा वाचक तुमच्या ग्रंथालयात का येत नाही, याचा जाब ग्रंथालयानं द्यायचा आहे.

हे दुखणं आपल्याच मुलखाचं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रिया नावाचं शहर आहे. तिथलं सार्वजनिक ग्रंथालय फक्त गोऱ्यांचं. २१ ऑगस्ट १९३९ ला पाच काळे तरुण एकेक करून आत गेले आणि सभासद कार्ड मागितलं. नकार मिळाला. त्यांनी फळीवरनं एकेक पुस्तक काढलं, वेगवेगळ्या टेबलांवर बसले आणि मुकाट वाचायला लागले. पोलिसांनी पकडून नेलं. योजना आखली होती सॅम्युअल टकर या काळ्या वकिलानं. पुढं १९४० साली शहरानं काळ्यांसाठी वेगळं, छोटं ग्रंथालय बांधून दिलं. टकरनं तिथलं कार्ड घ्यायला साफ नकार दिला. म्हारवाड्यासाठी वेगळी विहीर म्हणजे काय ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हा नकार समजावून सांगायला नको. १९२७ ला महाडला आपण पाणी प्यालो, ते तळं सगळ्यांचं होतं म्हणून. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालयंही होती.

तेव्हा कार्यक्रम ठरवताना वयाची पाटी लावू नका. 'बालविभाग', 'महिला विभाग', 'ज्येष्ठ नागरिक कक्ष' हे ज्यांच्या घरी मोलकरीण आहे त्यांचं गणित. आपल्याकडं दहा वर्षांची पोरगी येते ती कडेवर भाऊ घेऊन येते. त्याला बाहेर ठेवा म्हणालात की ती पण गेली. म्हणून आधी सतरंजी आणा, खुर्च्या मागनं बघू. मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी ऐकायचं. एकानं एक पान वाचावं, दुसऱ्यानं पुढचं. कडेवरचं पोर रडलं तर रडलं.

वस्तीतल्या म्हाताऱ्या हेच आपलं सगळ्यात मोठं कपाट आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव, घरोघर गेल्या, चळवळीतल्या बायांशी बोलल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं राहिलं. जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवायला घेतल्या, तर एक लाखावर भरल्या. कुणाच्या होत्या? निरक्षर म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांच्या. मग आठवड्यातली एक दुपार त्यांची. पोरांनी मोबाईलवर बोलणं टिपायचं, वहीत उतरवायचं, आजीला वाचून दाखवायचं; ती म्हणेल ते खोडायचं. आणि मग त्या वहीला ग्रंथालयाच्या रजिस्टरात दाखल क्रमांक द्यायचा. छापील पुस्तकाला देता तसाच. ही वही कपाटात पुस्तकांच्या मांडीला मांडी लावून बसली पाहिजे.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या काही तरुणांनी २००० साली माणसंच वाचायला द्यायला सुरुवात केली. पुस्तकाऐवजी माणूस, थोडा वेळ समोर बसतो, तुम्ही विचारा, तो सांगतो. आपल्याकडं १९८२ च्या संपातला गिरणी कामगार आहे, गटारात उतरणारा आहे, शंभर बाळंतपणं केलेली सुईण आहे. बसवा त्यांना. मात्र तमाशा नको. बाहेरचे शहाणे येऊन आपल्या माणसाला बाहुलीसारखं न्याहाळणार असतील तर दार बंद. नको त्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क त्या माणसाचा.

मोठ्यांची अक्षरओळख हाही ग्रंथालयाचाच कार्यक्रम. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा घातली ती स्वतःच्या घरात. वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं शिकले.  आपण लाइटबिलापासून सुरुवात करू. रेशनकार्ड, पालिकेची नोटीस, पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन या. आधी वाचून दाखवू, मग शेजारी बसवून वाचायला लावू. झोपड्या पाडायची नोटीस ज्याला वाचता आली तो निदान मुदत गेल्यावर जागा होणार नाही.

आता परीक्षावाल्या पोरांचं. रात्री नऊ ते सकाळी सात खोली त्यांची. फी नाही. फीच्या बदल्यात प्रत्येकानं आठवड्याला दोन तास द्यायचे: अर्ज भरून द्या, पोरांना वाचून दाखवा, आजीची वही उतरवा. उद्या साहेब होणाराला आज वस्तीतलं लाइटबिल वाचता आलं पाहिजे. ज्याला दोन तास जड वाटतात त्यानं बाहेरची अभ्यासिका शोधावी.

आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं पुस्तकानं जायचं. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि संस्थानातल्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. रंगनाथन यांच्या काळात, १९३१ ला, तामिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीवर ग्रंथालय निघालं. आपल्याला मजूर नाक्यापर्यंत जायचंय, एक पिशवी पुरे. सकाळी काम मिळेपर्यंत माणसं तासतासभर उभी असतात तिथं.

अनामत घ्यायची नाही, जामीन मागायचा नाही. पुस्तकं हरवतील. किती हरवली ते दर महिन्याला फळ्यावर लिहा, म्हणजे कुणी कुजबुजणार नाही.

राहिली किल्ली. ती मंडळाच्या अध्यक्षाकडं नको, माझ्याकडं तर नकोच. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी सकाळी सहापासून दुकान आवरेपर्यंत तिथंच असतात. त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात. दुसरी किल्ली रात्रीच्या पोरांनी आपसात ठरवून एकाकडं ठेवावी, आणि त्याचं नाव आत्ता, उठायच्या आधी, मला द्यावं.