स्मृतीचा कासरा

हैदराबादच्या एखाद्या मराठी घरातील आजी नातवाशी मराठीत बोलते, भाजीवालीशी तेलुगूत भाव करते आणि शेजारणीपाशी दख्खनीत मन मोकळे करते. पुढे एके दिवशी तिला नातवाचे नाव आठवत नाही. घरचे म्हणतात, वय झाले; कोणी म्हणतो, हट्टीपणा आहे. तो हट्ट नव्हे. बहुधा तो मेंदूचा विकार असतो.

याच शहरातील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला; निरक्षरांतही हा फरक आढळला. परंतु विकार उशिरा आला, तरी आलाच. मग ढासळते ते काय?

मेंदूच्या पुढील भागात, तळाशी, काही चेतापेशींचे पुंजके असतात. त्या ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवतात. अवधान आणि स्मरण यांना त्याचा मोठा आधार असतो. अल्झायमरच्या विकारात यांपैकी एका पुंजक्यातील पेशी फार मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, असे १९८२ साली अमेरिकेत दाखविण्यात आले. डोनेपेझिलसारखे औषध उरलेले ॲसिटिलकोलीन लवकर विघटित होऊ देत नाही. त्याने काही काळ उतार पडतो. मेलेली पेशी मात्र उठत नाही.

या पेशींवर आणखी एका द्रव्याची सत्ता चालते. त्याचे नाव गॅलनिन. अमायनो आम्लांची ही छोटी साखळी १९८३ साली स्टॉकहोम येथील शास्त्रज्ञांनी डुकराच्या आतड्यातून वेगळी केली. मानवी गॅलनिनमध्ये अशी ३० आम्ले असतात. उंदरांच्या मेंदूत ते घातले असता ॲसिटिलकोलीनचा स्राव घटला आणि शिकणे मंदावले. अल्झायमरग्रस्त मेंदूत तर उरलेल्या पेशींभोवती गॅलनिनच्या तंतूंचे दाट जाळे आढळले. साहजिकच त्याला वैरी ठरविण्यात आले.

पण पुढील प्रयोगांत निराळेच दिसले: विषारी द्रव्याच्या माऱ्यातून गॅलनिन चेतापेशींना वाचवू शकते. मग ते अडवावे की वाढवावे? हा वाद अजून मिटलेला नाही. उतारावर कासरा ओढणारा गाडीवान बैलांचा वैरी नसतो, एवढे मात्र ध्यानी ठेवावे.

तोवर त्या आजीला दोष न देता वेळीच वैद्यांकडे नेणे, एवढे तरी घरच्यांच्या हाती आहे.