उतरत्या वयातील आव्हान
(बेंगळुरू येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



मी व्यवसायाने अनुवादक आहे. हातांवर मुष्टियुद्धाचे मोजे चढवण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. तरीही वय उलटू लागलेल्या मुष्टियोद्ध्याने नव्या दमाच्या विजेत्याला आव्हान द्यावे की न द्यावे, या प्रश्नावर बोलण्याचे मी मान्य केले आहे. कारण हा प्रश्न केवळ रिंगणातल्या माणसांचा नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. ज्याच्या अंगी जिद्द आहे त्याला अडवणारे आपण कोण, असे एक पक्ष म्हणतो. कीर्ती शिखरावर असतानाच माणसाने बाजूला व्हावे, असे दुसऱ्याचे म्हणणे. माझ्या मते दोन्ही पक्ष मूळ मुद्द्याला बगल देतात. त्या योद्ध्याचे सामर्थ्य कशावर उभे होते आणि त्यातले आज काय उरले आहे, हे आधी पाहिले पाहिजे. आणि ते पाहणारा माणूस त्या लढतीतून काहीही मिळण्याची अपेक्षा नसलेला असला पाहिजे.

मुहम्मद अलीचे उदाहरण घेऊ. १९८०च्या जानेवारीत तो भारतात आला होता आणि दिल्लीला कौर सिंग यांच्याबरोबर एक प्रदर्शनीय लढतही खेळला होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने लास व्हेगास येथे लॅरी होम्स या विजेत्याशी झुंज घेतली. होम्स हा एके काळचा त्याचा सरावातील जोडीदार. अलीने वजन इतके घटवले होते की, पाहणाऱ्यांना त्याचे तारुण्य परतल्यासारखे वाटले. परंतु लढतीपूर्वी मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या तपासणीत काही निराळेच नोंदले गेले होते. बोट अचूक नाकाला लावताना तो किंचित चुकत होता, आणि एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई दिसत नव्हती. ज्याची सारी विद्या पायांत होती, त्याच्याविषयीची ही नोंद! तरीही परवाना मिळाला. तिन्ही परीक्षकांनी दहाही फेऱ्या होम्सच्या पारड्यात टाकल्या. दहाव्या फेरीनंतर अलीचे मार्गदर्शक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. १९८४ साली अलीला पार्किन्सनच्या विकाराने ग्रासल्याचे निदान झाले. त्या विकाराचा दोष एका लढतीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण त्या रात्रीचे तडाखे टाळता आले असते, हेही नाकारता येत नाही.

याहून विषण्ण करणारी गोष्ट पुढेच आहे. २२ जानेवारी १९८८ रोजी अटलांटिक सिटी येथे हाच होम्स एकवीस वर्षांच्या माइक टायसनसमोर उभा राहिला. त्याचेही वय तेव्हा अडतीसच होते. चौथ्या फेरीत तो कोसळला. अलीची दशा ज्याने स्वतःच्या हातांनी केली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, त्यालाही तो धडा उपयोगी पडला नाही. आपला अपवाद ठरेल, असे प्रत्येकालाच वाटत असते.

आणि अपवाद घडतातही. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी पंचेचाळीस वर्षांच्या जॉर्ज फोरमनने सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत लोळवले. तोवर गुणांत तो मागे होता. पण फोरमनची भिस्त पायांवर नव्हती, ठोशाच्या वजनावर होती. आणि बळ हे वेगापेक्षा फार उशिरा ओसरते. म्हणजे एकाला जे साधले ते दुसऱ्याला का साधले नाही, याचे उत्तर केवळ जिद्दीत शोधून भागत नाही.

आपल्या या शहरातले उदाहरण सांगतो. राहुल द्रविड हे मराठी घरात जन्मलेले आणि बेंगळुरूत वाढलेले. २०११च्या उन्हाळ्यात त्यांनी इंग्लंडमध्ये तीन कसोटी शतके काढली. त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, ज्यांना ‘भिंत’ म्हणत तेच आठ डावांत सहा वेळा त्रिफळाचीत झाले. ९ मार्च २०१२ रोजी चिन्नास्वामी मैदानावर त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्यांचे वय एकोणचाळीस होते. निमिषार्धाचा तो उशीर क्रिकेटमध्ये यष्टी उखडतो. मुष्टियुद्धात मात्र तो मेंदूवर आघात करतो. म्हणूनच एका खेळातील हौतात्म्याचे कौतुक दुसऱ्या खेळात करताना जपले पाहिजे.

याचा अर्थ जन्मतारीख पाहून माणसाला बाद करावे, असा नाही. २०१९ साली निखत झरीन या तरुण मुष्टियोद्धीने ऑलिंपिक पात्रता स्पर्धेपूर्वी मेरी कोम यांच्याशी निवड चाचणी व्हावी अशी जाहीर मागणी केली. २८ डिसेंबरला दिल्लीत ती चाचणी झाली आणि मेरी कोम ९–१ अशा जिंकल्या. निखत यांची मागणी रास्त होती आणि मेरी कोम यांचा विजयही खरा होता. पुढे २०२२ च्या मे महिन्यात निखत जगज्जेत्या झाल्या. त्याच्या पुढच्याच महिन्यात मेरी कोम यांना राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीतून गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घ्यावी लागली. अडीच वर्षांत काळाने निकाल फिरवला. चाचणी म्हणूनच त्या त्या दिवशी घ्यायची असते, पूर्वपुण्याईवर नव्हे.

आपल्या तालमींत पठ्ठ्याची जोड वस्ताद ठरवतो. त्याला पठ्ठ्याच्या अंगातले पाणीही ठाऊक असते आणि त्याच्या मनातली खुमखुमीही. कुस्ती नाकारणारा वस्ताद पठ्ठ्याचा अपमान करत नाही, त्याला राखतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र आयोजकाला तिकिटे विकायची असतात, नव्या विजेत्याला मोठे नाव पाडायचे असते, आणि जुन्या योद्ध्याला अनेकदा पैशांची निकड असते. ‘नको’ म्हणण्यात कोणाचाच लाभ नसतो.

तेव्हा माझे उत्तर असे : आव्हान देण्याचा हक्क योद्ध्याचा, पण ते स्वीकारण्याजोगे आहे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्याच्या वस्तादाचा आणि वैद्याचा असावा. आणि तुम्हाआम्हा प्रेक्षकांनी आणखी एकदा, आणखी एकदा असा गजर करण्यापूर्वी एवढेच आठवावे, की त्या रात्री आपण घरी परततो, आणि त्याला मात्र पुढची तीस वर्षे त्याच शरीरात काढायची असतात.