परदेशातल्या अंगणातली पेटी

उन्हाळ्यात मुलांकडे कॅनडात, टोरांटोला, ब्रॅम्प्टनला, कॅल्गरीला जाणारे आई-वडील आता पुष्कळ झाले आहेत. तिथे मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि दुपार काही सरत नाही. घरामागच्या झाडावर पक्ष्यांसाठी लाकडी पेटी लावलेली असेल, तर दुपारी बघण्यासारखं तिथे पुष्कळ असतं.

बहुधा त्या पेटीत चिकाडी असते. काळी टोपी, काळा गळा, पांढरे गाल. आपल्या वल्गुलीच्या कुळातला हा चिमुकला पक्षी. मादी आधी शेवाळ आणते, त्यावर प्राण्यांच्या केसांची गादी करते. मग रोज एक याप्रमाणे सहा ते आठ अंडी. ती एकटीच उबवते आणि नर तिला भरवतो. बारा-तेरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, उघडी आणि आंधळी. पुढच्या साधारण सोळा दिवसांत ती उडून जातात. एवढ्या काळात आई-बाप हजारो अळ्या आणतात. परतताना चोचीत पांढरी पुडी दिसली तर चकित होऊ नका; ती पिल्लांची विष्ठा. घर स्वच्छ राहावं म्हणून ते ती लांब नेऊन टाकतात.

आता पेटीविषयी. सगळी मेख भोकात आहे. चिकाडीसाठी भोक 28 मिलिमीटरचं हवं, कारण त्यातून चिमणी शिरत नाही. हे ऐकून काहींना वाईट वाटेल. आपल्याकडे चिमण्या घटल्या म्हणून नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी पुढाकार घेतला आणि 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला. आपण तिच्यासाठी खोकी टांगतो. पण उत्तर अमेरिकेत तीच चिमणी एकोणिसाव्या शतकात माणसाने नेऊन सोडलेली परकी आहे. दुसऱ्यांच्या पेट्या ती बळकावते, अंडी फोडते, पिल्लांना टोचून मारते. अल्बर्टात लॅकोम्बजवळ चार्ली आणि विनी एलिस या भावंडांनी 1950च्या दशकापासून ब्लूबर्ड या निळ्या पक्ष्यासाठी शेतावर शेकडो पेट्या लावल्या. त्यांनाही आधी चिमण्या आवराव्या लागल्या. तेव्हा ओळखीची वाटली म्हणून तिथे तिचे लाड करू नका.

भोकाखाली बसायला दांडी नको. चिकाडीला तिची गरज नसते, घुसखोरांची मात्र सोय होते. लाकूड साधं, आतून रंग न दिलेलं. तळाला पाणी निथळायला छिद्रं हवीत. झाडापेक्षा गुळगुळीत लोखंडी खांब बरा आणि त्याला खालून पत्र्याचं नळकांडं, म्हणजे रॅकून हा तिथला प्राणी वर चढत नाही. आत कॅमेरा बसवायचा तर पक्षी येण्याआधीच, वसंताच्या सुरुवातीला.

बघण्याची शिस्त सोपी आहे, पाळणं अवघड. दूरच्या खुर्चीतून, दुर्बिणीने बघा. पेटी उघडून डोकावायचा मोह होतो, नातवंडांना तर फारच. पण पिल्लं बारा दिवसांची झाल्यावर पेटी उघडली, तर ती घाबरून वेळेआधीच उडी मारतात. अंडी किंवा घरटं काढणं तर तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. स्थलांतरी पक्ष्यांचा हा कायदा 1917 पासूनचा. उघडं, पिसं न फुटलेलं पिल्लू खाली पडलेलं दिसलं, तर उचलून परत पेटीत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही निव्वळ समजूत आहे. पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर टुणटुणत असेल तर त्याला हात लावू नका; आई-बाप आसपासच असतात.

पाव, भात, पोळीचा चुरा पिल्लांना चालत नाही. अळ्या हव्यात, म्हणून बागेत कीटकनाशक नको आणि ओकसारखी तिथली झाडं हवीत. यंदा जाणार असाल तर मुलांना आत्ताच फोन करा, मार्च संपायच्या आत पेटी लावून घ्या. आणि घरात मांजर असेल, तर पिल्लं उडून जाईपर्यंत त्याला बाहेर सोडू नका.